एसएमपीएस फक्त २४० वॉटचा आहे? मग कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल, ते असं ठरवा

ऑफिसांमधून बाहेर पडलेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप सध्या बरेच जण घेतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. लॅपटॉपपेक्षा बऱ्याच कमी पैशात आय-५ प्रोसेसर, ८ किंवा १६ जीबी रॅम आणि एसएसडी मिळून जाते. अभ्यास, टायपिंग, यूट्यूब सगळं व्यवस्थित चालतं. मग एक दिवस गेम टाकला जातो किंवा रील्स एडिट करायला सॉफ्टवेअर टाकलं जातं, आणि पिक्चर अडकायला लागतं. मित्र सांगतो, "ग्राफिक्स कार्ड टाक ना, काम होईल."

मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. कारण या कॉम्प्युटरमधला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बहुतेक वेळा १८० ते ३०० वॉटच्या मधला असतो. आणि दुकानात जे कार्ड "बेस्ट सेलर" म्हणून समोर ठेवलं जातं, त्याला एकट्यालाच १५०-१७० वॉट लागतात. मग कार्ड घरी येतं आणि कळतं की ते लावायला केबलच नाही. किंवा केबल जुगाड करून लावली जाते आणि गेम सुरू होताच कॉम्प्युटर बंद पडतो.

या लेखात आपण हिशेब करायला शिकूया. एकदा हा हिशेब जमला की कोणत्याही दुकानदाराला विचारायची गरज नाही.

वॉट म्हणजे काय? मोबाईलच्या चार्जरवरून समजून घ्या

तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ५ व्होल्ट ३ अँपिअर किंवा ९ व्होल्ट २ अँपिअर. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की वॉट मिळतात. ५ गुणिले ३ म्हणजे १५ वॉट, ९ गुणिले २ म्हणजे १८ वॉट. बस, एवढंच गणित आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसलाही हेच लागू होतं.

पण एक मोठा फरक आहे. ६७ वॉटचं फास्ट चार्जिंग असलेला फोन तुम्ही साध्या १० वॉटच्या चार्जरला लावला, तर काय होतं? काही नाही, फोन हळू चार्ज होतो. फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलून जमेल तेवढीच वीज घेतात.

डेस्कटॉपमध्ये असं होत नाही. ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसला "तुला झेपेल ना?" असं विचारत नाही. त्याला काम आलं की ते वीज ओढतं. एसएमपीएस चांगल्या दर्जाचा असेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी झटकन बंद होतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. एसएमपीएस हलक्या दर्जाचा असेल, त्यात संरक्षणाची सोयच नसेल, तर तो जळू शकतो आणि जाताना मदरबोर्ड, हार्ड डिस्क सोबत नेऊ शकतो. हार्ड डिस्कमध्ये घरातले फोटो आणि कॉलेजचे प्रोजेक्ट असतात, त्यामुळे प्रश्न फक्त कार्डाच्या किमतीचा नाही.

कार्डाला वीज कुठून मिळते?

ग्राफिक्स कार्डाला वीज मिळायचे दोनच रस्ते आहेत.

पहिला रस्ता मदरबोर्डवरचा स्लॉट. कार्ड ज्या लांब खाचेत बसतं त्याला पीसीआय एक्सप्रेस एक्स-१६ स्लॉट म्हणतात. नियमाप्रमाणे हा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो.

दुसरा रस्ता एसएमपीएसमधून थेट येणारी केबल. तिचे प्रकार असे:

• ६ पिनचा कनेक्टर: ७५ वॉटपर्यंत
• ८ पिनचा कनेक्टर: १५० वॉटपर्यंत
• नव्या मोठ्या कार्डांवरचा १६ पिनचा कनेक्टर: ६०० वॉटपर्यंत

ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये यातली एकही केबल नसते. कारण कंपनीने तो एक्सेल आणि ईमेलसाठी बनवलेला असतो. म्हणजे आपल्याकडे फक्त स्लॉटचे ७५ वॉट उरतात. म्हणून आपल्या शोधाचा पहिला नियम सरळ आहे: ज्या कार्डावर वेगळा पॉवर कनेक्टर नाही, तेच कार्ड बघायचं.

एसएमपीएसवरचं लेबल कसं वाचायचं?

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि बाजूचं झाकण उघडा. एसएमपीएसवर एक मोठं स्टिकर दिसेल. त्यावर मोठ्या अक्षरात २४० वॉट किंवा ४५० वॉट असा आकडा असेल. तो बघा, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. खाली जो तक्ता असतो तो महत्त्वाचा.

तक्त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्यामुळे १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि १२ ने गुणा.

समजा, कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एका स्वस्त एसएमपीएसवर "४५० वॉट" लिहिलंय, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर आहे. मग १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आपल्या कामाची वीज एवढीच. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला आहे. याउलट मोठ्या कंपनीच्या ऑफिस कॉम्प्युटरमधल्या २४० वॉटच्या एसएमपीएसची बहुतेक सगळी ताकद १२ व्होल्टवरच असते. म्हणजे २४० चा एसएमपीएस ४५० वाल्यापेक्षा जास्त कामाचा निघू शकतो! असेंबल्ड कॉम्प्युटर असणाऱ्यांनी हा मुद्दा नीट लक्षात ठेवा.

काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्या दोघांची सरळ बेरीज करू नका. खाली बहुतेकदा दोन्ही मिळून कमाल किती वॉट हे वेगळं दिलेलं असतं. तोच आकडा धरा.

आता "८० प्लस" या शिक्क्याबद्दल. ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे शब्द भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते ते सांगतात. २०० वॉट पुरवताना ८० टक्के कार्यक्षमता असेल तर भिंतीतून २५० वॉट घेतले जातात, ५० वॉट उष्णता होऊन जातात. पण २४० वॉटचा एसएमपीएस २४० वॉट देतो तो कॉम्प्युटरला. कार्यक्षमता त्यातून वजा करायची नसते. इथे बरेच जण गोंधळतात.

चला, खरा हिशेब करू

उदाहरणाला डेल ऑप्टिप्लेक्स ७०५० घेऊ. रिफर्बिश्ड बाजारात नेहमी दिसणारं मॉडेल आहे. उभ्या टॉवरमध्ये २४० वॉटचा एसएमपीएस येतो. स्मॉल फॉर्म फॅक्टर नावाच्या छोट्या, आडव्या कॅबिनेटमध्ये मात्र १८० वॉटचाच. नाव एकच, पण ताकद वेगळी.

यात आय-५ ७५०० प्रोसेसर आहे असं धरू. जास्तीत जास्त खर्च असा मांडता येईल:

• प्रोसेसर: ६५ वॉट
• मदरबोर्ड, रॅम, पंखे, कीबोर्ड-माऊस: साधारण ३५ वॉट
• एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क: साधारण १५ वॉट

एकूण ११५ वॉट. हे थोडे हात राखून धरलेले आकडे आहेत. रोजच्या कामात यापेक्षा बरंच कमी लागतं. पण हिशेब नेहमी वाईट परिस्थिती धरून करायचा.

दुसरा नियम: एसएमपीएसच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार ठेवायचा. का? एक तर ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त वीज ओढतं, त्यासाठी जागा हवी. दुसरं म्हणजे रिफर्बिश्ड कॉम्प्युटरचा एसएमपीएस सहा-सात वर्षं चाललेला असतो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू थकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीचंच तापमान ४० च्या आसपास असतं, तेव्हा तर आणखी जपून.

२४० चे ८० टक्के म्हणजे १९२ वॉट. त्यातून ११५ वजा केले की ७७ उरतात. म्हणजे टॉवरमध्ये ७५ वॉटचं कार्ड बरोबर बसतं. गंमत बघा, स्लॉटची मर्यादा आणि एसएमपीएसची मर्यादा जवळपास एकाच जागी येऊन थांबली.

आता छोटं कॅबिनेट. १८० चे ८० टक्के १४४ वॉट. त्यातून ११५ गेले की राहतात २९. हार्ड डिस्क काढून फक्त एसएसडी ठेवली तर अजून दहा वॉट सुटतात, म्हणजे ३९-४० वॉट. इथे ७५ वॉटचं कार्ड लावणं धोक्याचं आहे, ३० ते ४० वॉटचं कार्ड ठीक.

आणि १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० टाकलं तर? ११५ अधिक १७०, एकूण २८५. टॉवरचा एसएमपीएस कितीही चांगला असला तरी २४० मध्ये २८५ बसत नाहीत. विषय संपला.

एक प्रामाणिक सूचनाही इथेच. एनव्हीडिया जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी कार्डासाठी ३०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. हा आकडा सगळ्या प्रकारचे प्रोसेसर आणि सगळ्या दर्जाचे एसएमपीएस गृहीत धरून थोडा मोठा दिलेला असतो. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि चांगला २४० वॉटचा एसएमपीएस असेल तर हिशेब जुळतो, पण कंपनीच्या शिफारशीबाहेर जाऊन आपण हे करतोय, हे माहीत असू द्या. म्हणूनच वरची बेरीज स्वतःच्या मशीनसाठी स्वतः करून बघा, दुसऱ्याची उचलू नका.

७५ वॉटच्या आतली कार्डं कोणती?

आता मुद्द्याचं. वेगळ्या केबलशिवाय चालणारी, बाजारात नवी किंवा वापरलेली सापडणारी कार्डं बघू.

जीटी १०३०, ३० वॉट. गेमिंगसाठी अगदीच तळाचं. घ्यायचंच झालं तर जीडीडीआर-५ मेमरीवालं घ्या. याच नावाने डीडीआर-४ मेमरीचंही कार्ड विकलं गेलं, ते बरंच हळू आहे. खोक्यावर नाव सारखंच असतं, म्हणून मेमरीचा प्रकार वाचूनच पैसे द्या.

जीटीएक्स १०५० टीआय, ७५ वॉट, ४ जीबी. २०१६ चं कार्ड. एके काळी कमी बजेटचा राजा. पण एनव्हीडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलंय, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार. अगदी स्वस्तात मिळत असेल तरच विचार करा.

जीटीएक्स १६५०, ७५ वॉट, ४ जीबी. २०१९ चं. अजूनही बऱ्यापैकी चालतं. पण सावधान, याच नावाच्या काही मॉडेलवर ६ पिनचा कनेक्टर दिलेला आहे. ते मॉडेल आपल्या उपयोगाचं नाही. फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा, तिथे काळी चौकोनी खाच दिसली की समजा केबल लागणार.

आरएक्स ६४००, ५३ वॉट, ४ जीबी. एएमडीचं २०२२ चं कार्ड. वीज कमी घेतं, लहान आकारात मिळतं. पण यात दोन अडचणी आहेत. एक, यात व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे गेम रेकॉर्ड करणं, स्ट्रीमिंग करणं, एडिट केलेला व्हिडिओ लवकर एक्स्पोर्ट करणं, यात हे कार्ड मदत करत नाही. दुसरी अडचण पुढच्या भागात सांगतो.

आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ७० वॉट. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. केबल लागत नसलेल्या साध्या गेमिंग कार्डांत या यादीतलं हे सगळ्यात दमदार. जीटीएक्स १६५० मध्ये ८९६ कुडा कोअर आहेत, यात २३०४. एन्कोडर आहे, डीएलएसएस आहे, मेमरीही ६ जीबी. फक्त एक गोष्ट: ३०५० चं ८ जीबीचं वेगळं कार्ड आहे, ते १३० वॉट घेतं आणि त्याला केबल लागते. दुकानात फक्त "३०५० द्या" म्हणू नका, "६ जीबीवालं, विनाकेबल" असं स्पष्ट सांगा.

टी ४००, टी ६०० आणि टी १०००. ही एनव्हीडियाची ऑफिस आणि इंजिनिअरिंग कामासाठीची कार्डं. अनुक्रमे ३०, ४० आणि ५० वॉट. छोट्या कॅबिनेटसाठी एकदम योग्य, कारण ती मुळातच कमी उंचीची आहेत. टी १००० मध्ये जीटीएक्स १६५० एवढेच ८९६ कोअर आहेत. मात्र यावर एचडीएमआय नसतं, मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

इंटेल आर्क ए३८०, ६ जीबी. कागदावर ७५ वॉट, व्हिडिओ एडिटिंगसाठी छान, एव्ही-१ एन्कोडरही आहे. पण बऱ्याच मॉडेलवर केबलचा कनेक्टर असतो आणि रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डमध्ये नसेल तर वेग बराच पडतो. इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सुचवते. जुन्या ऑप्टिप्लेक्ससाठी म्हणून हे टाळलेलं बरं.

वॉट जुळले तरी काम अडतं कुठे?

पहिली गोष्ट उंची. छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीचं कार्ड बसतच नाही, तिथे लो प्रोफाईल म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं. सोबत छोटी पट्टी, ब्रॅकेट, आहे का ते विचारा. वापरलेल्या कार्डात ही पट्टी हरवलेली असते आणि मग कार्ड लटकत राहतं. आरटीएक्स ३०५० ६ जीबी कमी उंचीतही मिळतं. पण वॉटचा हिशेब विसरू नका, उंचीत बसलं म्हणजे विजेत बसलं असं नाही.

दुसरी गोष्ट जाडी. अनेक कार्डं दोन स्लॉटची जागा घेतात. शेजारी वायफाय कार्ड असेल किंवा एसएमपीएस चिकटून असेल तर अडचण होते. स्केल घेऊन लांबी, उंची, जाडी मोजा आणि कार्डाच्या माहितीपत्रकातल्या मापांशी जुळवा.

तिसरी गोष्ट स्लॉटची पिढी. आरएक्स ६४०० ची दुसरी अडचण हीच. हे कार्ड स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला सेकंदाला साधारण ८ जीबीचा रस्ता मिळतो. तिसऱ्या पिढीत तो निम्मा, ४ जीबी. दुसऱ्या पिढीत फक्त २ जीबी. ऑप्टिप्लेक्स ७०५० तिसऱ्या पिढीचा आहे. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की या अरुंद रस्त्याचा त्रास जाणवतो आणि गेम मधेच झटके देतो.

चौथी गोष्ट, काही छोट्या ऑफिस मशीनमध्ये स्लॉटला पूर्ण ७५ वॉट दिलेलेच नसतात, मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड करा आणि एक्स-१६ स्लॉटसमोर किती वॉट लिहिलेत ते वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे जुगाड करू नका

ऑनलाईन शंभर-दोनशे रुपयांत एक केबल मिळते. एका बाजूला साटा पॉवर, दुसऱ्या बाजूला ६ किंवा ८ पिन. बघून वाटतं, अरे प्रश्न सुटला!

नाही सुटला. साटा पॉवर कनेक्टर हार्ड डिस्कसाठी बनवलेला आहे. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिन असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे ४.५ अँपिअर, गुणिले १२, एकूण ५४ वॉट. आणि ६ पिनवालं कार्ड त्याच्याकडे ७५ वॉट मागू शकतं, ८ पिनवालं तर १५० वॉट. परिणाम काय? पिन तापते, प्लास्टिक वितळतं, कधी कधी आगही लागते. इथे एसएमपीएस बंद पडून तुम्हाला वाचवेलच असं नाही, कारण त्याच्या दृष्टीने एकूण भार मर्यादेतच असतो. तापत असते ती फक्त एक पिन.

केबल बदलल्याने एसएमपीएसची ताकद वाढत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

एसएमपीएसच बदलला तर?

असेंबल्ड कॉम्प्युटर असेल तर हा सगळ्यात चांगला उपाय. चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या, लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर तपासा आणि मोठ्या कार्डाचा विचार करा. उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचं कार्ड आहे आणि एनव्हीडिया त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते.

ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये मात्र घोळ आहे. नेहमीच्या मदरबोर्डला २४ पिनची मुख्य केबल लागते. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे स्वतःचा ६, ८ किंवा १० पिनचा वेगळा कनेक्टर असतो. डब्याचा आकार आणि स्क्रूच्या जागाही वेगळ्या. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण त्या मॉडेलनुसार वेगवेगळ्या असतात. चुकीची लावली तर मदरबोर्ड कायमचा जातो. काही मॉडेलच्या टॉवरसाठी कंपनीचाच जास्त वॉटचा एसएमपीएस मिळतो, तो सापडला तर उत्तम.

आणि एक विचार करा. नवा एसएमपीएस, कन्व्हर्टर, मोठं कार्ड, या सगळ्याची बेरीज केली तर ती कधी कधी कॉम्प्युटरच्या किमतीपेक्षा जास्त होते. सातव्या पिढीच्या चार कोअरच्या आय-५ ला महागडं कार्ड जोडलं तर प्रोसेसरच मागे पडतो, कार्ड अर्धा वेळ त्याची वाट बघत बसतं. तेवढे पैसे असतील तर नव्या बिल्डसाठी साठवा.

कार्ड बसवताना आणि बसवल्यावर

१. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच कार्ड उचला.

२. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, खट्ट आवाज आला पाहिजे. मग स्क्रू लावा.

३. मॉनिटरची केबल मदरबोर्डमधून काढून कार्डाला लावा. "कार्ड टाकलं पण काही फरकच नाही" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं.

४. ड्रायव्हर एनव्हीडिया किंवा एएमडीच्याच वेबसाईटवरून घ्या.

५. जीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर बदलून ते १०५० टीआय म्हणून विकायचे प्रकार होतात. असं बनावट कार्ड हे सॉफ्टवेअर ओळखून दाखवतं.

६. आता खरी परीक्षा. तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा. कॉम्प्युटर अचानक बंद झाला, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जा. तिथे कर्नल-पॉवर, नंबर ४१ अशी नोंद दिसली तर कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद पडला एवढं कळतं. फक्त गेमच्या वेळीच असं होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

भार थोडा कमी करायचा असेल तर दोन सोपे उपाय आहेत. गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस ६० वर बांधा, कारण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ९० फ्रेम दिसणारच नाहीत, वीज मात्र जाते. दुसरं, एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट थोडी खाली आणता येते का बघा. १० टक्के वीज कमी केली म्हणून वेग तेवढाच पडतो असं नाही, तो बहुतेक वेळा त्याहून कमी पडतो. पण हे उपाय बसणाऱ्या कार्डाला आराम देण्यासाठी आहेत, न बसणारं कार्ड बसवण्यासाठी नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरच्या यूपीएसवर चालेल का?
६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. आपला कॉम्प्युटर गेमच्या वेळी भिंतीतून सव्वादोनशे वॉटच्या आसपास घेईल, वर मॉनिटरचे २५-३०. चालेल. पण लाईट गेल्यावर बॅटरी काही मिनिटांतच उतरेल, म्हणून गेम सेव्ह करा आणि बंद करा.

लाईट बिल किती वाढेल?
७५ वॉटचं कार्ड रोज चार तास पूर्ण ताकदीने चाललं तर महिन्याला ९ युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, उत्तर मिळेल.

मला खरंच कार्डाची गरज आहे का?
अभ्यास, ऑनलाईन फॉर्म, टॅली, टायपिंग यासाठी अजिबात नाही. रॅम एकच ८ जीबीची पट्टी असेल तर आधी तशीच दुसरी टाकून बघा. दोन पट्ट्यांवर प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स जास्त वेगाने चालतं. साध्या गेमला तेवढंही पुरू शकतं.

वापरलेलं कार्ड घ्यावं का?
घ्या, पण समोर चालवून बघूनच. पंख्यांचा आवाज ऐका, दहा-पंधरा मिनिटं गेम लावा, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का बघा.

पैसे देण्याआधी एवढं लिहून घ्या

मोबाईलच्या नोट्समध्ये पाच ओळी टाका आणि दुकानात जाताना सोबत ठेवा:

• एसएमपीएसचे एकूण वॉट आणि १२ व्होल्टचे अँपिअर
• प्रोसेसरचे वॉट अधिक बाकीचे ५० वॉट
• एसएमपीएसच्या ८० टक्क्यांतून वरची बेरीज वजा करून उरलेला आकडा
• कॅबिनेटमधली जागा: उंची, लांबी, जाडी
• मॉनिटरला कोणती केबल लागते

तिसऱ्या ओळीतला आकडा हे तुमचं खरं बजेट. खिशात कितीही पैसे असले तरी या आकड्याच्या वरचं कार्ड आपल्यासाठी नाही. टॉवर असेल आणि ७०-७५ उरत असतील तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी बघा, बजेट कमी असेल तर केबल न लागणारं जीटीएक्स १६५०. छोटं कॅबिनेट असेल आणि ४० उरत असतील तर टी ६००. २० च्या खाली उरत असतील, तर सध्या रॅमच वाढवा आणि कार्डाचे पैसे पुढच्या कॉम्प्युटरसाठी जपून ठेवा.